चष्मेवाले आणि चार नंबरची काठी

आमच्या भागात माझ्या नवऱ्याला सगळे चष्मेवाले म्हणतात. मीही तेच म्हणते, फक्त तोंडावर नाही. तोंडावर 'अहो' पुरतं. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, म्हणजे खरं तर आमचं आहे. पुढचं काउंटर, फ्रेमा, बारीक स्क्रू, नाकावरच्या पट्ट्या आणि गिऱ्हाइकांची रडगाणी माझ्याकडे; आतली अंधारी खोली त्यांच्याकडे. त्या खोलीत एक उंच खुर्ची आहे, समोरच्या भिंतीवर आतून दिवा लावलेला अक्षरांचा तक्ता आहे आणि कोपऱ्यात काचांची पेटी. माणूस खुर्चीत बसला की चष्मेवाले त्याच्या नाकावर एक जड फ्रेम चढवतात, तिच्यात काच घालतात, काढतात, दुसरी घालतात आणि विचारतात, "हे बरं, की हे?" लग्न झाल्यापासून मी हा प्रश्न ऐकत आलेय. पडद्याचं कापड घ्यायला गेलो तरी ते मला हाच प्रश्न विचारतात आणि मी काहीही म्हटलं तरी नुसते 'हं' म्हणतात.

त्यांची एक जुनी युक्ती आहे. काही गिऱ्हाइकांना दिसत नसतं, पण तसं सांगायला जीव जातो. ती ठोकून देतात. असं गिऱ्हाईक आलं की चष्मेवाले काच काढल्यासारखं करतात आणि तीच काच परत घालतात. "हे बरं, की हे?" खरं बोलणारा म्हणतो, दोन्ही सारखंच. ठोकून देणारा म्हणतो, दुसरं बरं. मग चष्मेवाले त्याला समोरच्या स्टुलावर बसून प्रवचन देतात. "चाळिशी लागली म्हणजे लागली. त्यात लाज कसली? डोळा हा अवयव आहे, अब्रू नव्हे." हे वाक्य ऐकून माणसं खजील होऊन बाहेर येतात आणि माझ्याकडून जरा महागाची फ्रेम घेतात. त्यामुळे माझी या वाक्याबद्दल काही तक्रार नव्हती.

चष्मेवाले दर रविवारी गोल्फ खेळतात. गोल्फ म्हटलं की लोकांना बंगले आणि मोटारी आठवतात. आमच्याकडे तसं काही नाही. गावाबाहेर एक सार्वजनिक मैदान आहे, तिथे शिक्षक, पोस्टमन, कुलूपवाले असे सगळेच खेळतात आणि चेंडू हरवला तर अर्धा तास शोधतात. माझा धाकटा भाऊ चिमण तिथे आधीपासून जायचा. चिमण लिफ्ट दुरुस्त करतो आणि स्वतः जेमतेम लिफ्टमध्ये मावतो. लहानपणी अंगाने किडकिडीत होता म्हणून हे नाव पडलं आणि नंतर कुणी बदलायची तसदी घेतली नाही.

आमची एकुलती एक मुलगी लग्न करून लांबच्या देशात गेली, त्या वर्षी चष्मेवाले घरात मुके झाले. दुकानात बोलायचे, घरी आले की भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी बोलून बघितलं, रागावून बघितलं, काही उपयोग नाही. शेवटी चिमणने एका रविवारी त्यांना दंडाला धरून मैदानावर नेलं. दुपारी ते परत आले आणि जेवता जेवता त्यांनी मला एक फटका सांगितला. चेंडू कुठे होता, वारा कुठून होता, काठी कुठली घेतली, सगळं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी ते सगळे फटके सांगतात आणि मी त्यातला एकही नीट ऐकत नाही. मी वाढत असते, ते बोलत असतात. मला त्या दुपारी फार आवडतात. म्हणूनच गेल्या वर्षी ते जेव्हा म्हणाले, "यंदाचा हंगाम संपायच्या आत तळं ओलांडलं नाही तर काठ्या विकून टाकणार," तेव्हा माझ्या हातातला डाव आमटीत पडला.

तळ्याचं सांगायला हवं. मैदानावर चेंडू ज्यात घालायचा त्या भोकांपैकी शेवटून दुसऱ्याच्या वाटेत एक तळं आहे. चेंडू त्याच्यावरून एका फटक्यात पलीकडे घालवावा लागतो. त्यासाठी चष्मेवाले चार नंबरची लोखंडी काठी वापरायचे. या काठ्यांना आयर्न म्हणतात. नंबर जितका लहान, तितकी काठी लांब, पातं सरळ आणि फटका कठीण. तीन आणि चार नंबरच्या काठ्यांचं पातं सुरीसारखं बारीक असतं; चेंडू बरोबर मधोमध लागला तर लांब जातो, जरा चुकला तर हाताला झिणझिण्या येतात आणि चेंडू गवतातून सरपटत जातो. साठी उलटलेल्या माणसांनी त्या वापरू नयेत, असं सगळे म्हणतात. त्याऐवजी हायब्रिड घ्यावी. हायब्रिड म्हणजे संकरित. मला वाटलं, बियाणं असेल. निघाली काठीच. तिचं पातं लोखंडी काठीसारखं असतं, पण पाठीमागे गोल फुगीर पोट असतं. वजन खाली असल्यामुळे चेंडू आपोआप वर उचलला जातो. चष्मेवाल्यांनी ती पहिल्यांदा हातात घेतली आणि म्हणाले, "बटाटा लावलाय काठीला."

"भावोजी, बटाटा तर बटाटा. तळ्यापलीकडे जायला मतलब," चिमण म्हणाला.

"मला खाली बघितल्यावर पातं दिसलं पाहिजे. ह्यात पोट दिसतं."

"मलाही खाली बघितल्यावर पोटच दिसतं. मी खेळतोच ना?"

अशी सुरुवात झाली आणि मग निवड काही संपेना. खेळाच्या सामानाच्या दुकानात मागे एक जाळी बांधलेली आहे. तिच्यासमोर उभं राहून काठ्या मारून बघता येतात. आमचं दुकान बंद असायच्या दिवशी आम्ही तिथे जायचो. चष्मेवाले तीन नंबरची हायब्रिड मारायचे, मग चारची, मग पाचची, मग दुसऱ्या कंपनीची चारची. जाळी दोन हातांवर असल्यामुळे चेंडू धप्पकन तिच्यात जाऊन बसायचा आणि दुकानदार म्हणायचा, "सुंदर!" मग चष्मेवाले म्हणायचे, "नंबरावर जाऊ नका, कोन सांगा." पातं किती अंश कललंय त्यावर चेंडू किती उंच जाणार ते ठरतं, आणि एका कंपनीची चार नंबर ही दुसरीची तीन असू शकते. अंश हा शब्द निघाला की चष्म्याच्या धंद्यातला माणूस थांबत नाही. एका अंशाच्या फरकाने काच कशी फिरते, डोकं कसं दुखतं, हे त्यांनी दुकानदाराला सांगितलं. दुकानदाराने बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग यांनी काठीचा दांडा विचारला, पोलादी की हलका. मग मूठ विचारली. मग म्हणाले, विचार करून सांगतो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दुकानदार आम्हाला बघून चहा सांगेनासा झाला. मी म्हटलं, "अहो, मुलीसाठी स्थळ बघताना एवढं बघितलं नव्हतं."

"म्हणून तर ती तिकडे गेली," चष्मेवाले म्हणाले.

मला तेव्हा वाटलं, हा नुसता हट्ट आहे. बटाटा घ्यायचा म्हणजे म्हातारं झालो हे कबूल करायचं आणि ते त्यांना जमत नाहीये. दिवसभर लोकांना चाळिशीचं प्रवचन द्यायचं आणि स्वतः दोन लोखंडी काठ्या सोडायच्या नाहीत. मी मनात भरपूर टोमणे जमवून ठेवले होते. काही मारलेही.

मधल्या काळात बाकीच्या गोष्टी घडत होत्या, पण त्या मी एकत्र धरल्या नाहीत. चष्मेवाले पांढरे चेंडू सोडून पिवळेजर्द चेंडू वापरायला लागले. म्हणाले, आता हीच फॅशन आहे. संध्याकाळी गाडी चालवायची म्हटली की त्यांचा गुडघा दुखायचा. गिऱ्हाइकांचे नंबर ते मला तोंडी सांगायला लागले, मी लिहायचे. म्हणाले, माझं अक्षर गचाळ झालंय. मग आमच्या गल्लीतल्या रिटायर्ड बाई, ज्यांनी अर्ध्या गावाला गणित शिकवलं, त्या नवा चष्मा घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "हा घातला की घरातली फरशी उताराची दिसते." म्हणजे काच फ्रेममध्ये थोडी फिरलेली बसली होती. चष्मेवाल्यांनी चष्मा उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "बाई, तुमची फरशीच उताराची असेल." बाई घरी गेल्या, फरशीवर गोटी ठेवून बघितली आणि परत आल्या. गोटी जागची हलली नव्हती. काच मी बदलून दिली.

हंगाम निम्मा सरला, तशी माझी धाकधूक वाढली. एका रविवारी मी म्हटलं, आज मी पण येते. कुणालाही आनंद झाला नाही. चिमणचा चेहरा तर लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकल्यासारखा झाला.

पहिलाच फटका चष्मेवाल्यांनी चांगला मारला. काठी छान फिरली, टक असा आवाज आला. चेंडू डावीकडे वळत वळत थेट झुडपात गेला. मी बघितला. चष्मेवाले मान वर करून समोर बघत होते. मग त्यांनी हळूच चिमणकडे बघितलं.

"मधोमध, भावोजी!" चिमण म्हणाला.

मी तोंड उघडलं. चिमणने माझ्या पायावर पाय दिला, आणि चिमणचा पाय ही साधी गोष्ट नाही. मग तो लांब ढांगा टाकत पुढे गेला, मधोमध गवतात जरा रेंगाळला, आणि आम्ही पोचलो तेव्हा तिथे एक पिवळा चेंडू होता. चष्मेवाले खूश झाले. मी चिमणच्या पँटच्या खिशाकडे बघितलं. खिसा फुगलेला होता.

नंतर ते पुढे गेलेले असताना मी त्याला गाठला. "हे काय चाललंय?"

"ताई, तू जे बघितलंस ते बघितलं नाहीस असं समज."

"किती दिवस?"

"वर्ष होईल. त्यांना चेंडू दिसत नाही गं. लांब गेलेला तर अजिबात नाही. मी म्हटलं, खेळतायत, बोलतायत, कशाला... मी खिशात पिवळे ठेवतो."

"आणि तळं?"

चिमणचा चेहरा पडला. "तिथे काय करणार? पाण्याचा आवाज येतो ना."

मला तेव्हा सगळं कळलं. इतर ठिकाणी चेंडू कुठेही जावो, चिमण त्याला मधोमध आणायचा. तळ्यावर मात्र खरं ते ऐकू यायचं. म्हणून ते एका तळ्यावर रागावले होते, दोन काठ्यांवर रागावले होते. थोड्या वेळाने आम्ही तिथे पोचलो. चष्मेवाल्यांनी चार नंबरचं लोखंड घेतलं, मारलं, समोर बघत राहिले. मी चेंडू बघत होते. तो काठालाच पडला. डुबुक. तो आवाज ऐकल्यावर त्यांनी मान खाली घातली. मला आधी राग आला आणि मग रडू आलं. मैदानावर रडायला जागा नसते, सगळीकडून दिसतं, म्हणून मी रागच चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दुकानाचं दार ओढून घेतलं, आतल्या खोलीत गेले आणि म्हटलं, "अहो, खुर्चीत बसा."

"कशाला?"

"तुमचे डोळे तपासायचेत."

ते हसले. बसले, आणि तक्ता वाचायला लागले. सगळ्यात वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत, न अडखळता. शेवटी कोपऱ्यात छापखान्याचं नाव आहे, तेही वाचलं. ते मला नाकासमोर धरूनही वाचता येत नाही. आयुष्यभर ज्या तक्त्यासमोर उभं राहून माणसांच्या चुका पकडल्या, तो तक्ता त्यांना तोंडपाठ होता. तो समोर नसता तरी त्यांनी वाचला असता. ते दर वर्षी स्वतःचे डोळे याच तक्त्यावर तपासतात आणि दर वर्षी पहिल्या वर्गात पास होतात.

मी 'हं' म्हटलं. त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. तो 'हं' त्यांच्या ओळखीचा होता. मग मी काउंटरमागून त्यांची पिशवी आणली. त्यात तीन आणि चार नंबरची लोखंडं होती, आणि दुकानदाराने कंटाळून 'घरी नेऊन बघा, पण परत येऊ नका' म्हणून दिलेली एक हायब्रिड होती. मी एक काठी घेऊन तक्त्यापुढे उभी राहिले आणि पातं वर धरलं. मग पाठीमागे नेलं, परत वर धरलं.

"हे बरं, की हे?"

ते डोळे बारीक करून बघत होते. तक्त्याचा दिवा माझ्या मागे होता आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी येत होतं. "पहिलं बरं," ते म्हणाले. "पहिलं लोखंड. दुसरा बटाटा. तो मला नकोच."

मी तीच काठी घेऊन खुर्चीपर्यंत चालत गेले आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पात्यावरून हात फिरवला. पुढून फिरवला, मागून फिरवला. मागे फुगीर पोट होतं. मग त्यांनी पाहिलं की माझ्या दुसऱ्या हातात काहीच नाही.

"दोन्ही वेळा हीच?" ते म्हणाले.

"दोन्ही वेळा बटाटाच."

त्यांनी काठी उभी करून खुर्चीला टेकवली. मग ते म्हणाले, "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. उजवीकडे जास्त."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, मला नाही कळणार तर कुणाला?"

"मग इतके दिवस त्या काठ्या काय निवडत होतात?"

"तुम्ही सगळे काठ्यांबद्दल बोलत होतात," ते म्हणाले. "तोवर डोळ्यांबद्दल कुणी बोलत नव्हतं." आणि वर, "चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर दुकानात कोण पाय ठेवील? आणि तू काय केलं असतंस?"

"मी म्हटलं असतं, डोळा हा अवयव आहे, अब्रू नव्हे."

"ते गिऱ्हाइकांसाठी आहे," चष्मेवाले म्हणाले.

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग मी त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसले आणि सरळ सांगितलं, की तुम्ही परत मुके झालात तर मला ते सहन होणार नाही. मागच्या वेळी मी कसंबसं निभावलं, आता माझ्यात तेवढा दम नाही. त्यांनी माझा हात धरला. पलीकडे दार वाजवून कुणीतरी चष्म्याचा स्क्रू मागत होतं, त्याला आम्ही थांबवून ठेवलं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे दुसराच तक्ता होता. चष्मेवाल्यांनी आपला तक्ता म्हणायला सुरुवात केली, तशी डॉक्टर बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही कुठलं वाचताय?" त्यानंतर त्यांनी मुकाट्याने परीक्षा दिली आणि नापास झाले. ऑपरेशन ठरलं; डोळ्याच्या आत बसवायची काच निवडायची होती. बाईंनी विचारलं, चष्म्याशिवाय लांबचं स्पष्ट हवं की जवळचं? मी पर्स सावरून बसले. म्हटलं, आता अंश निघणार, कंपन्या निघणार, हंगाम इथेच संपणार.

"लांबचं," चष्मेवाले ताबडतोब म्हणाले.

"विचार करून सांगा हवं तर."

"केलाय. तळं आहे."

आधी उजवा डोळा झाला, मग डावा. दुकानात मी सगळ्यांना खरं तेच सांगितलं. गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत. उलट दोन-तीन जण आपापला मोतीबिंदू घेऊन सल्ला विचारायला आले. रिटायर्ड बाई आल्या आणि 'माझी फरशी सरळ आहे' एवढंच म्हणून गेल्या.

डॉक्टर बाईंनी परवानगी दिल्यावर चष्मेवाले पहिल्यांदा मैदानावर गेले ते सरावाला. पिशवीतून चार नंबरचं लोखंड काढलं. खाली बघितलं, पातं सुरीसारखं लखलखीत दिसत होतं, त्यांना हवं होतं तसं. मारलं. चेंडू गवतातून उंदरासारखा पळाला. पुन्हा मारलं, पुन्हा उंदीर. तिसऱ्यांदा मारल्यावर ते काठी हातात धरून उभे राहिले.

"भावोजी, काय झालं?" चिमणने विचारलं.

"आता अगदी स्पष्ट दिसतंय," चष्मेवाले म्हणाले. "मला ही मारता येत नाही."

दोन्ही लोखंडं त्यांनी पिशवीतून काढून गाडीत ठेवली आणि चार नंबरचा बटाटा घेतला. दुकानदाराकडे आम्ही ती काठी कायमची ठेवून घेतोय हे सांगायला गेलो, तेव्हा त्याने स्वतःहून चहा मागवला.

हंगामातला शेवटचा रविवार आला. मी बरोबर गेले. चिमणचे खिसे मी घरूनच रिकामे करून घेतले होते. सुरुवातीला त्याला काही सुचेना, फटका झाला की तो सवयीने 'मधो' म्हणायचा आणि चष्मेवाले म्हणायचे, "नाही, झुडपात." प्रत्येक वेळी 'झुडपात' म्हणताना त्यांचा आवाज इतका आनंदी होता, की पुढे खेळणाऱ्या मंडळींनी मागे वळून बघितलं.

तळ्यावर पोचलो. पाणी अगदी स्वच्छ होतं, पलीकडच्या काठावरचं गवत कापलेलं होतं. चष्मेवाल्यांनी चेंडू ठेवला. मुद्दाम पांढरा. मी पर्सचा बंद घट्ट धरला होता आणि चिमण श्वास रोखून उभा होता. एवढा मोठा माणूस श्वास रोखतो तेव्हा शेजारी जाणवतं. काठी फिरली. चेंडू उंच उठला, छान उठला, आभाळात बारीक होत गेला. चिमणने तोंड उघडलं.

"पाण्यात," चष्मेवाले म्हणाले.

आणि मग आवाज आला. डुबुक.

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. पाण्यावर वर्तुळं मोठी होत होती, ती ते एकेक करून बघत होते आणि त्यांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"हातभर कमी पडला," ते म्हणाले. "बघितलंस ना? त्या दगडाच्या अलीकडे पडला. पातं जास्त कललंय. नंबरावर गेलो, तिथेच फसलो. तीन नंबरची घ्यायला हवी होती, नाहीतर त्या दुसऱ्या कंपनीची चार. अगं, उद्या दुकान जरा उशिरा उघडू, जाऊन बघून येऊ."

"अहो, तळं ओलांडलं नाही तर काठ्या विकणार होतात ना?"

"कोण म्हणालं?" चष्मेवाले म्हणाले आणि दुसरा चेंडू काढायला खिशात हात घातला.

त्या दुपारी जेवताना त्यांनी मला तो फटका सांगितला. चेंडू कुठे होता, वारा कुठून होता, वर कसा गेला, कुठे वळला आणि कुठे पडला. मी तिथेच उभी होते, तरी सांगितला. मी वाढायचं थांबवून त्यांच्यासमोर बसले आणि सगळा ऐकला.